काळ्या मातीत जॅकवर उभं केलेलं शेतातलं घर: सातबाऱ्यापासून सोलरपर्यंत आमचा अनुभव

पाया न घालता आणि लाईटचं कनेक्शन न घेता शेतात राहण्यासारखी खोली उभी करता येते का, असं मला गेल्या काही महिन्यात इतक्या जणांनी थांबवून विचारलं की म्हटलं सगळं क्रमाने लिहूनच काढू. मी इंजिनियर नाही, जळगावला अकाउंट्स बघते, त्यामुळे जे समजलं ते विचारून विचारून आणि समोर उभं राहून समजलं आहे.

आमची जमीन चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे, साडेचार एकर, निम्मी केळी आणि निम्मी कपाशी. अण्णा म्हणजे वडील गेल्यापासून माय आणि मी शेती बघतो. शेतीची थ्री फेज लाईन पाळीपाळीने असते, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात माय एकटी बॅटरी घेऊन केळीत व्हॉल्व्ह बदलायला जायची. तिथे बसायला चार पत्र्यांचं शेड होतं, संडास नाही, पंखा नाही. मला तिच्यासाठी कडी लागेल असं दार असलेली खोली हवी होती, बाकी सगळं त्यातून निघालं.

२०२४ च्या दिवाळीनंतर आधी साधा विटा-सिमेंटचाच विचार केला. ओळखीचे एक इंजिनियर शेत बघायला आले, पहार खुपसून बघितली आणि म्हणाले ताई, इथे सात-आठ फूट काळी माती आहे, मुरूम त्याच्या खाली. ही माती पाणी पिली की फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे आपल्याला माहीतच असतं पण त्याचं कारण त्यांनी सांगितलं, यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचं चिकणखनिज असतं जे पाणी आपल्या थरांमध्ये घेतं आणि थर एकमेकांपासून लांब सरकतात. वर हलकी खोली असेल तर माती तिला सरळ उचलते, आणि चारही कोपरे सारखे उचलत नाही, त्यामुळे भिंतीला तिरप्या चिरा जातात. आमच्या गावात काळ्या मातीवर बांधलेलं बिनचिरेचं घर शोधावं लागेल. उपाय दोन, एकतर पाया मुरमापर्यंत न्यायचा, नाहीतर अंडर-रीम्ड पाईल घालायचे, म्हणजे खाली फुगीर गड्डा असलेले काँक्रीटचे खांब, रुरकीच्या सीबीआरआय या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने अशा मातीसाठीच ही पद्धत काढली आहे. पद्धत उत्तमच, पण एका खोलीच्या नुसत्या पायाचा अंदाज दोन लाखाच्या जवळ गेला.

दुसरी अडचण घरातली. सातबाऱ्यावर माय, मी, माझा भाऊ, नाना (काका) आणि दोन आत्या अशी सगळ्यांची नावं, वाटणी झालेली नाही. सामाईक जमिनीत एकाने पक्कं बांधलं की उद्या तो तुकडा कोणाच्या वाट्याला येणार यावरून मनं दुखतात, नानांचं म्हणणं तेच होतं आणि ते बरोबरच होतं.

मग मी वाचायला लागले की ज्या मुलखात जमीनच हलते तिथले लोक काय करतात. बर्फाच्या प्रदेशात जमिनीतलं पाणी गोठून माती वर ढकलली जाते, अलास्कात तर खाली कायमची गोठलेली जमीन, ती वितळली की घर एका बाजूने खचतं. तिथे लहान घरं लाकडाच्या किंवा लोखंडाच्या स्लेजवर, म्हणजे बर्फावरून ओढायच्या बिनचाकी गाडीसारख्या सांगाड्यावर, बांधतात, किंवा जमिनीवर पॅड टाकून त्यावर खालीवर करता येणारे पाय लावतात, आणि दरवर्षी लेव्हल बघून पाय फिरवतात. मला एकदम पटलं. आपल्याकडे बर्फ नाही पण जमीन वर्षातून दोनदा हलते, आणि पाय असलेलं घर वाटणीनंतर उचलून नेता येतं. नानांना सांगितलं तर म्हणाले, "पोरी, घर काय गाडी शे का, आज आठे नि उद्या तठे?" मी म्हटलं हो नाना, तसंच. त्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले मंग हरकत नही.

आता कागद. आधी मोजणी, कारण एका बाजूच्या बांधावरून शेजाऱ्यांशी थोडी कुरबुर होती आणि खोली हद्दीत आहे हे कागदावर असणं मला महत्त्वाचं वाटत होतं. डिसेंबरमध्ये ऑनलाईन अर्ज केला. १ डिसेंबर २०२४ पासून मोजणीचे दर बदललेत, दोन हेक्टरपर्यंत नियमित मोजणी २,००० रुपये आणि द्रुतगती ८,०००, नियमितला नव्वद दिवसांची मुदत. आम्हाला घाई नव्हती म्हणून नियमित भरली. लगतदार आणि सहधारक सगळ्यांना नोटीस जाते, त्यामुळे पत्ते नीट द्या, आत्यांचे सुरत आणि नाशिकचे पत्ते मी पिनकोडसकट दिले. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भूकरमापक साहेब रोव्हर म्हणजे उपग्रहावरून मोजणारं यंत्र घेऊन आले, चुना आणि हद्दीचे दगड आपल्याला न्यावे लागतात, मजूरही. बांध आमच्याच बाजूला निघाला तेही शेजाऱ्यांच्या समोर, आणि तो विषय तिथेच मिटला. नकाशा म्हणजे क प्रत नंतर मिळते, तिच्या दोन-तीन झेरॉक्स करून वेगवेगळ्या जागी ठेवा.

परवानगीबद्दल सगळ्यात जास्त गोंधळ असतो म्हणून सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये शेतघराची व्याख्या आहे, अवजारं, खत, चारा, माल ठेवणं, जनावरं आणि धारकाच्या कुटुंबाचं किंवा गड्याचं राहणं हे त्यात येतं, आणि कलम ४१ प्रमाणे शेतकऱ्याला आपल्या शेतजमिनीवर शेतघर उभारायचा हक्क आहे. शहरांच्या हद्दीत आणि त्यांच्या भोवतीच्या ठराविक पट्ट्यात मात्र आधी परवानगी लागते. तुमचं शेत त्या पट्ट्यात आहे का हे तहसीलमध्येच विचारा, गावातल्या सांगण्यावर जाऊ नका. आणि खोली पर्यटकांना भाड्याने द्यायची असेल तर तो शेतीचा वापर राहत नाही, त्याचे नियम पूर्ण वेगळे. मी तरीसुद्धा सातबारा, आठ-अ, क प्रत आणि हाताने काढलेला स्केच जोडून तहसील आणि ग्रामपंचायत दोन्हीकडे माहितीचा अर्ज दिला आणि पोच घेतली. आमचे तलाठी आप्पा, म्हणजे आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण आप्पाच म्हणतात सगळे, त्यांनी सांगितलं की सहधारकांची लेखी संमती करून ठेवा, आज कोणी मागणार नाही पण दहा वर्षांनी मागतील. सही-शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय टेबल सोडू नका एवढंच मी म्हणेन.

संमतीपत्रासाठी सगळे एका जागी यायला हवे होते आणि आपल्याकडे सगळे एका जागी येतात ते आखाजीलाच, म्हणजे अक्षय तृतीयेला. २०२५ ची आखाजी ३० एप्रिलला होती. सुरतच्या आत्या अमळनेरला उतरल्या, नाशिकच्या आदल्या रात्री आल्या, दुसऱ्या दिवशी १ मेची सुट्टी, त्यामुळे शुक्रवारी २ मेला सगळे चोपड्याला नोटरीकडे गेलो. स्टॅम्प ५०० चा लागला, ऑक्टोबर २०२४ पासून १०० आणि २०० चे दिवस गेले. संमतीपत्रात मी तीन गोष्टी स्पष्ट लिहून घेतल्या, की खोली हलवता येणारी आहे, तिच्यामुळे कोणाचा हिस्सा कमीजास्त होत नाही, आणि वाटणी झाल्यावर ती आम्ही आमच्या वाट्याच्या जागेत आमच्या खर्चाने नेऊ. मोठ्या आत्यांनी पूर्ण वाचून सही केली आणि म्हणाल्या मायसाठी करतेस ना, मग माझ्या नावाचा अडथळा कशाला. त्या दिवशी मला खरंच खूप हलकं वाटलं, लोखंड आणि सिमेंटची चिंता त्यापुढे काहीच नव्हती.

फोनवर सगळ्यांचा होकार आधीच होता म्हणून एप्रिलमध्येच जागेचं काम सुरू केलं. बागेपासून लांब, थोडा उंचवटा असलेली जागा घेतली. १४ बाय २६ फूट जागेतली काळी माती जेसीबीने दोन फूट काढली आणि तिथे मुरूम भरला, जमिनीच्या वर आणखी एक फूट येईल एवढा. साधारण १४ ब्रास लागला (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट). मुरूम एकदम ओतायचा नाही, सहा-आठ इंचाचा थर, पाणी, रोलर, मग पुढचा थर, यात घाई करणाऱ्या ठेकेदाराला थांबवावं लागतं. मुरूम फुगत नाही आणि खालच्या मातीची हालचाल वर येताना बरीच मंदावते. चारही बाजूंनी मुरमाला बाहेर उतार दिला आणि त्यापलीकडे चर काढला, म्हणजे पावसाचं पाणी पॅडजवळ थांबत नाही. सगळं मिळून ४०,००० च्या आसपास गेले. मुरमाची रॉयल्टीची पावती ट्रॅक्टरवाल्याकडून मागून घ्या.

पॅडवर आठ आरसीसी ब्लॉक, दीड बाय दीड फुटाचे, आणि प्रत्येकावर सेंट्रिंग-स्कॅफोल्डिंगवाले वापरतात तसा जाड आट्याचा स्क्रू जॅक, खाली-वर लोखंडी प्लेट. ब्लॉक, जॅक, प्लेट मिळून १४,०००. उभे जॅक आडव्या धक्क्याला कमजोर असतात म्हणून त्यांना एकमेकांत अँगलचे तिरपे आधार बोल्टने लावले, वेल्डिंगने नाही, कारण लेव्हल करताना सोडावे लागतात.

खोली जळगावच्या एमआयडीसीत बनवून घेतली. माप ८ बाय २० फूट, आणि रुंदी ८ ठेवण्यामागे कारण आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या नियम ९३ प्रमाणे रस्त्यावर वाहनाची एकूण रुंदी २.६ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर, सरळ ट्रेलरवर जाते. दहा फुटाचा मोह मलाही झाला होता पण मग प्रत्येक वेळी हलवताना वेगळी परवानगी, आणि हलवता येणं हाच तर मुद्दा. खाली सी-चॅनलची चासी म्हणजे लोखंडी सांगाडा, त्यातले दोन लांब चॅनल पुढून स्लेजसारखे वर वळवलेले, म्हणजे जवळपास सरकवायचं असेल तर खाली पाईप टाकून ट्रॅक्टरने ओढता येईल. भिंती ५० मिमी पफ पॅनलच्या, म्हणजे दोन पत्र्यांच्या मध्ये फोम भरलेल्या, छत ८० मिमी. पफची घनता ४० किलो प्रति घनमीटर हवी, तसं कोटेशनमध्ये लिहून घ्या आणि एक कापलेला तुकडा बघायला मागा. भाव १,५०० रुपये चौरस फूट, म्हणजे २,४०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण २,८३,२००. हा जीएसटी बोलताना कोणी सांगत नाही, आधीच विचारा. मी विचारलं त्या बँकेने सामाईक जमीन आणि हलणारं घर म्हटल्यावर गृहकर्जाला नाही सांगितलं, मग सोनेतारण कर्ज आणि साठवलेले असे जमवले.

खोली मेच्या पहिल्या पंधरवड्यात तयार झाली आणि नेमका अवकाळी सुरू झाला. काळ्या मातीच्या शिवाररस्त्यावर एक चांगली सर पडली की ट्रेलर सोडा, मोटारसायकल जात नाही. हायड्रावाल्याने, म्हणजे क्रेनवाल्याने, वाफसा आल्याशिवाय येणार नाही असं स्पष्ट सांगितलं. ते दिवस फार वाईट गेले, रोज संध्याकाळी आभाळ बघायचं आणि नानांना फोन करून चिखल किती विचारायचा. शेवटी १८ मे, रविवार, चार दिवसाची उघडीप मिळाली होती. पहाटे ट्रेलर निघाला, विदगावचा तापीचा पूल ओलांडून चोपडा रस्त्याने गावात, आणि गावात एक माणूस लांब कोरडा बांबू घेऊन पुढे चालत होता, खाली आलेल्या तारांवर नजर ठेवायला. हे आधी पायी फिरून तपासा, ट्रेलरसकट उंची मोजून. हायड्राने उचलून जॅकवर ठेवायला दुपार झाली. ट्रेलर ९,०००, हायड्रा ७,०००. अख्खं गाव बघायला होतं, मायने खोलीच्या दारात नारळ फोडला आणि सगळ्यांना शेवभाजी-भाकरी. आठच दिवसात, २६ मेला, मान्सून मुंबईत पोचल्याची बातमी होती, म्हणजे थोडं जरी लांबलं असतं तरी पुढच्या कोरड्या दिवसांपर्यंत थांबावं लागलं असतं.

वारा ही आपल्याकडची सगळ्यात गंभीर गोष्ट. मे-जूनच्या वादळात रावेर-यावल-चोपड्याकडे उभ्या केळीबागा आडव्या होतात, आणि ही खोली अडीच टनाची, खालून पोकळ. ज्या दिवशी ठेवली त्याच संध्याकाळी चारही कोपऱ्यांना वायर रोप आणि टर्नबकल (दोर ताणायचा स्क्रू) लावून जमिनीत पुरलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांना ताणून बांधली. ८,५०० रुपये. जूनमध्ये एका रात्री असं वादळ झालं की शेजारच्या शेडचे पत्रे उडाले, माय आत होती, खोली जागची हलली नाही. हे काम उद्यावर टाकू नका, हात जोडून सांगते.

उन्हाचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या वर जातो आणि लोखंडाची खोली म्हटलं की भट्टीच डोळ्यासमोर येते. आपल्या जुन्या धाब्याच्या घरात वर मातीचा जाड थर असायचा म्हणून ती थंड, पण हलवायच्या खोलीवर माती टाकता येत नाही. म्हणून छताच्या वर एक फूट अंतर सोडून दुसरा पत्रा, दोन्हीच्या मध्ये वारा खेळतो. २६,००० लागले. तो बसायच्या आधी दुपारी आतून छताला हात लावला तर चांगलं कोमट लागायचं, नंतर तसं लागलं नाही. समोरासमोर खिडक्या आणि जाळ्या हव्यातच.

वीज. गावठाणची लाईन शेतापासून इतकी लांब की पोलांचा खर्चच सोलरच्या वर जात होता. ५४० वॅटचे दोन पॅनल (२९,०००), २४ व्होल्ट १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी (४२,०००), एमपीपीटीवाला, म्हणजे पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा, इन्व्हर्टर (२४,०००), आणि स्टँड, वायरिंग, अर्थिंग, सर्ज प्रोटेक्शन मिळून १९,०००. आपल्या भागात पॅनलचा कोन २१ अंशाच्या आसपास, तोंड दक्षिणेला. उन्हाळ्यात पॅनल तापला की उत्पादन घटतं, तरीही चार युनिटपर्यंत मिळतात, जुलै-ऑगस्टच्या झाकोळात दीड-दोनवर येतं. वापर आधी कमी करा, मग पॅनल मोजा, बीएलडीसी पंखा ३० वॅट खातो तर जुना ७५. दोन पंखे, दिवे, मोबाईल, लॅपटॉप आणि काही तास छोटा कूलर निघतो. फ्रीज नाही. बॅटरी बाहेरच्या पेटीत ठेवू नका, उन्हात पेटीच तापते, आमची पलंगाखाली सगळ्यात थंड जागी आहे.

अर्थिंगची एक गंमत नाही म्हणता येणार पण अडचण सांगते. उन्हाळ्यात माती कोरडी पडते म्हणून अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकावं लागतं, आणि तेच पाणी पॅडजवळ मुरलं तर तो कोपरा फुगतो. म्हणून अर्थिंग पॅडपासून लांब घेतलं. संडासही तसाच, दोन शोषखड्ड्यांचा, खोलीपासून आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या अंगाला, ३८,००० रुपये. पाण्याची टाकी वेगळ्या स्टँडवर, तिचा ओव्हरफ्लो पाईपने चराच्या पलीकडे सोडलाय. या मातीत पाया सांभाळणं म्हणजे पाणी सांभाळणं. खोलीखालची मोकळी जागा बारीक जाळीने बंद केली, केळीत मण्यार आणि घोणस दोन्ही निघतात, तिथे सरपण अजिबात रचू नका.

१ जूनला मिस्त्रींनी पाण्याची नळी लावून आठही जॅकची पातळी सारखी केली आणि ब्लॉकवर ऑईलपेंटने खूण केली. ऑगस्टच्या शेवटी परत नळी लावली तर बागेकडचा कोपरा १७ मिमी वर, त्याच्या समोरचा कोपरा ४ मिमी, बाकीचे मधले. दार खालून घासायला लागलं होतं, ती पहिली खूण. जॅक सरळ फिरवायला जाऊ नका, वजनाखाली आटा खराब होतो. ट्रकवाल्यांचा पाच टनी बॉटल जॅक चासीखाली लावून वजन जरा हलकं करायचं, मग स्क्रू फिरवायचा, आणि एकाच कोपऱ्याला पूर्ण न आणता सगळीकडे थोडं थोडं. नाना आणि मी मिळून एका सकाळीत झालं, नानांनी नळी धरली. दार लागायला लागलं. भिंतीत चीर नाही, कारण चीर जायला भिंत तशी नाहीच. ऑक्टोबरनंतर माती आकसायला लागली तसा तोच कोपरा खाली आला, जानेवारीत परत फिरवला.

सगळा हिशोब, मोजणी, स्टॅम्प, नोटरी धरून, साडेपाच लाखाच्या आत बसला. यात पंखे, भांडी, पलंग नाहीत. पैसे टप्प्याने लागतात हा फायदा आहे, दुसरं छप्पर आणि संडास आम्ही खोली आल्यावर केले.

वाटणीचा अर्ज आता महसूल संहितेच्या कलम ८५ खाली टाकायचं घरात ठरलंय. आमचा वाटा बहुतेक विहिरीच्या पलीकडे येईल असं नाना म्हणतात, म्हणून तिथला मुरमाचा पॅड यंदाच्या उन्हाळ्यात, भेगा पूर्ण उघडण्याआधी मार्चमध्येच, भरून ठेवणार आहोत. जॅकच्या आट्यांना ग्रीस लावून ठेवलंय.